प्रभाग सातची कंबर

निवडणूक दोन महिन्यांवर आली तेव्हा निवडणूक कार्यालयाच्या असे लक्षात आले की, प्रभाग क्रमांक सातमध्ये राहणाऱ्या माणसांपेक्षा मतदार जास्त आहेत. बाब गंभीर होती. माणसे वाढवणे कार्यालयाच्या अखत्यारीत येत नव्हते आणि मतदार कमी करणे कोणाच्याच सोयीचे नव्हते. तेव्हा एक उपसमिती नेमण्यात आली. तिने एकवीस बैठका घेऊन असा निष्कर्ष काढला की, माणूस घर बदलतो, नाव बदलतो, सही तर दर वेळी बदलतो, आणि ओळखपत्रावरचा फोटो त्याच्या बायकोलाही ओळखू येत नाही. शरीर मात्र त्याला सतत बरोबर बाळगावे लागते. सबब, यापुढे मतदाराची ओळख त्याच्या मापांवरून पटवावी. निवडणुका पारदर्शक करण्याच्या दृष्टीने हे क्रांतिकारक पाऊल आहे, असे उपसमितीने आपल्या अहवालात स्वतःच नमूद केले.

एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता हे पाऊल मास्तरांच्या दुकानाची पायरी चढले.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. केमिस्टचे दुकान आणि सायकलदुरुस्ती यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात सत्तावीस वर्षे ते शर्ट, पँट आणि कोट शिवत होते. खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचे टेबल, कोपऱ्यात पडदा लावलेला आरसा, आणि दाराशी स्टुलावर बसून काजे-बटणे करणारी त्यांची थोरली बहीण. तिला सगळा प्रभाग ताई म्हणत असे, आणि जरा जपूनच म्हणत असे.

मास्तरांचा एक नियम होता. माप मोठ्याने उच्चारायचे नाही. दुसरे टेलर "कंबर बेचाळीस!" अशी आरोळी ठोकतात आणि सगळ्या रस्त्याला कळते. मास्तर टेप लावत, आकडा पाहत, ओठ मिटून वहीत लिहीत. शेजारी बारीक अक्षरात शेराही लिहीत. 'माप देताना पोट आत घेतात, दोन इंच जास्त धरणे.' 'डावा खांदा उतरता. उल्लेख करू नये.' 'आतून चोरखिसा हवा. घरी बोलायचे नाही.' अशा अकरा वह्या लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या होत्या. प्रभाग सातमधली बहुतेक माणसे त्या कपाटात, आहेत तशी, राहत होती.

"त्या वह्या कार्यालयात जमा कराव्या लागतील," आलेले पडताळणी अधिकारी म्हणाले.

"कशासाठी?"

"पारदर्शकतेसाठी."

"कोणाच्या?"

साहेबांनी हातातला कागद उलटून पाहिला. मागच्या बाजूलाही उत्तर नव्हते. "सर्वसाधारण," ते म्हणाले.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "साहेब, लोक मला कापड देतात ते शिवायला, आणि माप देतात ते माझ्यापाशी ठेवायला. दोन्हीतलं काही मला वाटून टाकता येत नाही."

"सरकारला देणं म्हणजे वाटणं नव्हे. सरकार म्हणजे लोकच की."

"मग त्या लोकांनाच विचारू या. माप त्यांचं आहे."

"त्याची सोय केलेली आहे," साहेबांनी संमतीपत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यावर दोन चौकोन होते. पहिल्यापुढे लिहिले होते 'संमती आहे', दुसऱ्यापुढे 'संमती आनंदाने आहे'.

ताईने चष्मा कपाळावर सरकवला. "आणि नसेल तर?"

"नसलेल्या संमतीचा फॉर्म वेगळा आहे, बाई. तो छपाईला गेलाय. निवडणूक झाली की मिळेल."

"बरं," ताई सुईत दोरा ओवत म्हणाली, "तुमच्या अंगावरची पँटही आमच्याकडचीच आहे. तुमच्या पानापासूनच सुरुवात करायची का?"

आपल्या पानावर काय लिहिलेले असू शकेल हे साहेबांना आठवले असावे. त्यांचा हात नकळत पट्ट्याकडे गेला. "सरकारी कर्मचाऱ्यांना यातून सूट आहे," असे घाईने सांगून, आठ दिवसांत वह्या द्या, नाहीतर दुकान बंद, अशी नोटीस टेबलावर ठेवून ते निघून गेले.

मास्तर बराच वेळ नोटिशीकडे पाहत बसले. मशीनवर एका कोटाची बाही अर्धवट होती, पण पाय काही चालेना. दुकान गेले तर दुसरे कुठले काम आपल्याला येते, याचा त्यांनी विचार करून पाहिला. काहीच येत नव्हते.

"बसलास काय?" ताई म्हणाली. "ते आपल्याकडे मागतात ना? मग आपण त्यांच्याकडे मागायचं. कर अर्ज."

अर्जात दोन प्रश्न विचारायचे ठरले. एक, आमच्या गिऱ्हाइकांची मापे नेमके कोण कोण पाहणार? दुसरा प्रश्न ताईचा होता आणि तो तिच्या डोक्यात गेली पाच वर्षे टोचत होता. मतदान केंद्र दुकानासमोरच्या शाळेत असे. गेल्या खेपेला काजे करता करता तिने सहाशे अकरा माणसे आत जाताना मोजली होती, आणि संध्याकाळी त्याच केंद्रावर प्रभागाचे नगरसेवक भाऊसाहेब नऊशे मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले होते. ताई मोजण्यात चुकत नसे. तिचा सगळा जन्म बटणांत गेला होता.

उत्तर पाचव्या दिवशी आले. एवढ्या तत्परतेने आलेल्या उत्तरात काही नसते, हे मास्तरांना पाकीट उघडण्याआधीच कळले. 'एक: मापे कोण पाहणार ही माहिती उघड केल्यास पाहणाऱ्यांच्या खासगीपणाचा भंग होईल, त्यामुळे ती देता येत नाही. दोन: मतदान गुप्त असते. साहजिकच, मते किती पडली हेही गुप्त आहे.'

"म्हणजे आपली कंबर उघडी," ताई म्हणाली, "आणि त्यांची मोजणी झाकलेली."

ही बातमी प्रभागभर पसरायला वेळ लागला नाही, कारण ती ताईने केमिस्टच्या बायकोला सांगितली. रविवारी सकाळी दुकानात वीस-बावीस माणसे जमली. जागा अपुरी असल्याने काही जण टांगलेल्या कोटांमध्ये उभे राहिले, आणि सभेला प्रत्यक्षात होती त्याहून जास्त उपस्थिती असल्यासारखे दिसू लागले. अध्यक्षस्थानी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना सगळे सर म्हणत.

"मित्रहो," सरांनी इस्त्रीच्या टेबलावर मूठ आपटली आणि ती लगेच उचलली, कारण टेबल तापलेले होते. "माझी कंबर हा माझा आणि माझ्या पट्ट्याचा प्रश्न आहे! त्यात तिसऱ्याने पडायचं कारण नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. 'खासगी माप बचाव समिती' स्थापन झाली. मास्तरांच्या निष्ठेला सलाम करणारा ठराव एकमताने मंजूर झाला. एवढी माणसे आपल्या पाठीशी उभी राहिलेली पाहून मास्तरांनी गल्ला उघडला. त्यांनी सर्वांना चहा पाजला.

सभा संपल्यावर सर बुटाची नाडी बांधायला मागे थांबले. नाडी बांधून झाली, तरी ते वाकलेलेच राहिले.

"मास्तर, तत्त्व ते तत्त्व. त्यात वाद नाही. पण सहज विचारतो... आमच्या वरच्या मजल्यावरचा तो इंजिनियर. चौतीस म्हणून सांगतो सगळीकडे. आहे का हो चौतीस?"

"सर, आत्ताच तुम्ही ठराव केलात."

"तो सरकारविरुद्ध होता. मी काय सरकार आहे?"

सर जातात न जातात तोच केमिस्टची बायको परत आली. तिला फक्त आपल्या नवऱ्याच्या पँटला चोरखिसा आहे का, एवढेच हवे होते. "माझाच नवरा आहे, मास्तर. त्याच्यात खासगी ते काय?" तिची समजूत काढून होईपर्यंत दारात वकीलबाई उभ्या राहिल्या. त्या भाऊसाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवत होत्या आणि सभेत सर्वांत जोरात त्यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या.

"मास्तर, भाऊसाहेबांच्या कोटात खांद्याला किती भरता हो तुम्ही? दीड इंच असेल ना? मतदारांना कळायला नको, की ज्या खांद्यांवर ते प्रभागाचा भार घेतात ते खांदे कापसाचे आहेत?"

"बाई, त्यापेक्षा मोजणीचं विचारा की. सहाशे अकरा माणसं आणि नऊशेची आघाडी. ताई साक्ष देईल."

"मोजणीवरचं भाषण कोण ऐकतं हो?" वकीलबाई हिरमुसून म्हणाल्या. "खांद्यांचं ऐकतील."

त्या दिवशी एकूण चौदा जण मागे थांबले. स्वतःचे माप कोणीही विचारले नाही. मास्तरांनी चौदाही जणांना हात जोडले आणि कपाटाला आणखी एक कुलूप आणले. सरकारसाठी पहिले पुरेसे होते. दुसरे समितीसाठी होते.

आठव्या दिवशी दोन पत्रे आली. पहिल्यात दुकानाला टाळे का ठोकू नये, अशी विचारणा होती. दुसऱ्यात कळवले होते की, प्रभागातल्या कोणत्याही टेलरच्या वहीत मास्तरांचे माप आढळत नसल्याने त्यांचे नाव मतदारयादीतून वगळण्यात येत आहे. हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते. तिथल्या बाकावर दोन तास बसल्यावर मास्तर आणि ताई यांना आत बोलावण्यात आले. तेच साहेब होते. या वेळी ते टेबलामागे बसले होते, त्यामुळे त्यांची कंबर सुरक्षित होती.

"आपण अस्तित्वात असल्याचा काही पुरावा?"

"मी समोर उभा आहे," मास्तर म्हणाले.

"ते आत्ताचं झालं. निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. आपलं माप कुठंय?"

"साहेब, मी टेलर. टेलरला स्वतःचं माप घेता येत नाही. टेप बघायला वाकलं की माप बदलतं. मी आपला अंदाजाने शिवतो."

"अंदाजे मतदार आम्हाला चालत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहिले.

ताई पुढे झाली. "मी याची थोरली बहीण. हा जन्मला तेव्हा मी घरात होते. हा आहे. चांगला पावणेतीन किलोचा होता."

"ते माप जुनं आहे. तुमचं स्वतःचं?"

"आहे. याच्या वहीत आहे. आणि वही मिळणार नाही."

"मग तुम्हीही नाही," असे म्हणून साहेबांनी ताईच्या नावापुढेही रेघ मारली.

अस्तित्वात नसलेली दोन माणसे जिना उतरून खाली आली. दारावरच्या पहारेकऱ्याने बाहेर जाण्याची सही मागितली, तेव्हा ताई म्हणाली, "वरती विचारून ये, आम्हाला सही करता येते का." तो खरोखर विचारायला वर गेला. तो परत येईपर्यंत ती दोघे बसथांब्यावर पोचली होती आणि मास्तर कित्येक दिवसांनी पोट धरून हसत होते.

टाळे मात्र ठोकले गेले नाही. समितीने कार्यालयासमोर दोन दिवस घोषणा दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी, कोणालाही अपेक्षा नसताना, वह्या जमा करण्याचे परिपत्रक मागे घेण्यात आले. 'नागरिकांच्या खासगीपणाविषयी कार्यालयास नितांत आदर आहे,' असे जाहीर झाले. सरांनी मास्तरांना मिठी मारली. मास्तरांनी आणि ताईने नावे परत घालण्याचा अर्ज केला. अस्तित्वात नसलेल्यांचे अर्ज निवडणुकीनंतर विचारात घेतले जातील, असे उत्तर आले. पण वह्या शाबूत होत्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अर्धवट राहिलेली बाही त्या दुपारी पुरी केली.

सोमवारी कार्यालयाने 'मापमित्र' नावाचे ॲप आणले. कसलीही सक्ती नव्हती. ज्याला वाटेल त्याने आपले माप आपल्या हाताने घ्यावे, आपल्या हाताने भरावे, आणि त्या बदल्यात कोणाही एका शेजाऱ्याचे माप पाहावे. बस्स.

बुधवारपर्यंत प्रभागातल्या दुकानांतले टेप संपले. गुरुवारी समितीची बैठक होती, ती गणसंख्येअभावी तहकूब झाली. सदस्य घरी आरशासमोर उभे होते. दुकानात माणसे येत ती टेप उसना मागायला. माप घेऊन द्या, असे म्हणणारा एकही नव्हता. मास्तरांनी मोजले तर ओठ मिटून का होईना, पण ते खरे मोजणार, याची सर्वांना खात्री होती.

"सर, काय भरलंत?" टेप परत घेताना मास्तरांनी विचारले.

"बत्तीस," सर म्हणाले.

मास्तरांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"असं बघू नका," सर म्हणाले. "खासगी आहे ते. आणि ऐका, तो इंजिनियर! तीस भरलीय त्याने! काय माणूस आहे! लाज नाही!"

लोकांनी एका शेजाऱ्याचे माप पाहिले, की आणखी एकाचे पाहण्यासाठी बुटाचा नंबर द्यावा लागे. तिसऱ्यासाठी कॉलर. चौथ्यासाठी झोपण्याची वेळ. लोक देत गेले. आठवडाभरात प्रभाग सातची एकत्रित कंबर साडेतीन हजार इंचांनी घटली, आणि आरोग्य खात्याने त्याबद्दल कार्यालयाचे अभिनंदन केले.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी दोन कर्मचारी टेप आणि 'मापमित्र'वर भरलेल्या मापांची यादी घेऊन उभे होते. ताई आणि मास्तर समोरच्या दुकानातून पाहत होते. मतदार नसल्याने त्यांना भरपूर वेळ होता. रांगेत पहिले सर होते. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"जाहीर माप बत्तीस," कर्मचारी मोठ्याने म्हणाला. "प्रत्यक्ष एक्केचाळीस. आपण आपण नाही. पुढचे या."

सर परत फिरले. त्यांच्यामागे इंजिनियर परत फिरला. मग केमिस्ट. रांग फाटकापर्यंत जाई आणि तिथून माघारी येई. लोकांनी श्वास रोखून पाहिले, पट्टे आवळून पाहिले. एक गृहस्थ फाटकातच भोवळ येऊन खाली बसले. आत गेली ती फक्त खरे माप भरलेली माणसे. त्यांत केमिस्टची आई होती. तिने सुनेकडून ॲपमध्ये चव्वेचाळीस भरून घेतले होते. "घे मोजून," ती कर्मचाऱ्याला म्हणाली. "सत्तर वर्षं खाल्लंय, तेव्हा झालीय."

ताईच्या हिशेबाने आत गेलेली माणसे एकतीस. संध्याकाळी निकाल लागला. भाऊसाहेब अकराशे चार मतांनी विजयी.

"लोकशाहीचा खून आहे हा!" सर दुकानात येऊन गरजले.

"तक्रार करा," ताई म्हणाली.

"करणारच होतो. पण तक्रारीच्या फॉर्मवर खरं माप लिहायचं आहे." एवढे बोलून ते उठून गेले.

मास्तरांनी मोजणीविषयी पुन्हा अर्ज केला. या वेळी त्यांना काही मिळेल अशी आशा नव्हती. केवळ ताईची मोजणी खोटी ठरू नये, एवढेच त्यांना वाटत होते. पण दुसऱ्याच दिवशी उत्तर आले, आणि त्यात अभिमान होता. या वेळची मोजणी संपूर्णपणे पारदर्शक असून ती 'मापमित्र'वर सर्वांसाठी विनामूल्य खुली आहे, पाहण्यासाठी कोणतेही माप द्यावे लागत नाही, असे कार्यालयाने कळवले होते. सोबत पानाचा पत्ता होता.

मास्तरांनी ते पान उघडले. ताई त्यांच्या खांद्यावरून वाचू लागली.

'प्रत्यक्ष मतदान: एकतीस. पैकी वकीलबाई सत्तावीस, भाऊसाहेब चार. जाहीर माप व प्रत्यक्ष माप यांत तफावत आढळलेले मतदार: अकराशे सत्तावीस. जो मतदार स्वतःला आहे त्याहून बरे समजतो, तो आपल्या प्रतिनिधीलाही आहे त्याहून बरेच समजतो, असे तज्ज्ञांचे मत आहे. सबब, अशा सर्व मतदारांची मते त्यांच्या वतीने विद्यमान प्रतिनिधीच्या खात्यात धरण्यात आली आहेत. नागरिकांनी स्वेच्छेने दिलेली माहिती इतकी परिपूर्ण आहे की, पुढील निवडणुकीत कोणालाही मतदान केंद्रावर येण्याचे कष्ट दिले जाणार नाहीत.'

"एकतीसच," ताई म्हणाली. "बघ, मी सांगत होते."

मास्तरांनी तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. यांनी काहीच लपवलेले नाही, हे त्यांना सर्वांत भयंकर वाटले. ते तसेच उठले आणि केमिस्टकडे गेले, सरांकडे गेले, वकीलबाईंकडे गेले. प्रत्येकाला त्यांनी पानाचा पत्ता दिला.

"किती वाचायचंय?" केमिस्टने विचारले.

"एकच परिच्छेद आहे."

"पाठवून ठेवा. निवांत बघतो."

सर म्हणाले, "मास्तर, थोडक्यात सांगा. त्यात त्या इंजिनियरची खरी कंबर दिलीय का? नाही ना? मग कसली पारदर्शकता!"

आणि वकीलबाई, ज्यांची निवडणूक गेली होती, त्या तर मास्तरांना हाताला धरून आत घेऊन गेल्या. "ते कोर्टात बघू हो सावकाश. आधी हे बघा. भाऊसाहेब! छत्तीस भरलीय! छत्तीस!" आणि त्या इतक्या मनमोकळ्या हसल्या, की मास्तरांनाही हसू आले.

या गोष्टीला आता चार महिने झाले. पान अजून उघडेच आहे. त्याच्या तळाशी 'हे पान पाहणारे' असे लिहिलेले आहे आणि पुढे एक आकडा आहे: एक. ताईने खांद्यावरून वाचले, म्हणून तिची नोंद नाही.

असेच पान प्रत्येक प्रभागाचे तयार केले आहे, असे कार्यालय म्हणते. तुमच्या प्रभागाच्या पानाखाली कोणता आकडा आहे, हे मास्तरांना माहीत नाही. ते दुसऱ्यांच्या गोष्टी बघत नाहीत.